राहून गेलेला अभ्यास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘उतारवय आणि मनातल्या जुन्या आकांक्षा’ या विषयावर काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली. विषय फार मोठा आहे. कोणाला गाणे शिकावयाचे राहिले असते, कोणाला एखादी यात्रा, कोणाला आपल्या गावी परत जाऊन चार खणांचे घर बांधावयाचे असते. मी पडलो शाळामास्तर. या सगळ्या आकांक्षांपैकी एकीशीच माझा रोजचा संबंध येतो, आणि ती म्हणजे अर्धवट सुटलेले शिक्षण पुरे करण्याची. तेव्हा हा लेख तेवढ्यापुरताच आहे. वय वाढल्यावर शिकता येते काय, येत असेल तर ते तरुणपणाच्या शिकण्याहून कसे वेगळे असते, आणि त्याला कोणत्या गोष्टी लागतात, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आपल्या बडोद्यात हा प्रश्न विशेष टोचणारा आहे, याचे कारण आपण सर्व जाणतोच. श्रीमंत सयाजीराव महाराज १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक आले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांनी रीतसर शाळा पाहिलेली नव्हती. त्यांच्या अभ्यासाला खरा आरंभ राजवाड्यात आल्यावर झाला. याच राजाने १८९३ साली अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०६ मध्ये ती सक्ती सबंध संस्थानाला लावली. १९१० साली अमेरिकेतून बोर्डन साहेबांना आणवून ग्रंथालयांची चळवळ उभी केली. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी जात आणि वाचून झाल्या की परत येत. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय त्या काळाची साक्ष देत आजही उभे आहे.

असे असूनही आपल्या ट्रस्टच्या सभासद-कुटुंबांतील साठी ओलांडलेल्या मंडळींना विचारून पाहा. चौथीनंतर, सातवीनंतर, नाहीतर मॅट्रिकच्या उंबरठ्यावर शाळा सुटलेली माणसे घरोघरी सापडतील. धाकट्या भावंडांना सांभाळावयाचे होते, वडील अकाली गेले, गिरणीत नोकरी लागली, स्थळ चांगले चालून आले. कारणे ही एवढीच, पण ती पुष्कळांना पुरली. बायकांच्या बाबतीत तर कारण विचारण्याचीही पद्धत नव्हती. ही मंडळी पुढे संसार नीट करतात, मुलांना शिकवतात, सुनांना नोकरीला पाठवितात. फॉर्मवर ‘शिक्षण’ या रकान्याशी आली की मात्र त्यांचा हात थबकतो. शाळेत पालक म्हणून, आणि हल्ली आजी-आजोबा म्हणून, येणाऱ्यांचा हा थबकलेला हात मी वीस वर्षे पाहत आलो आहे.

पहिला आक्षेप बहुधा स्वतः त्या व्यक्तीकडूनच येतो. ‘मास्तर, आता डोक्यात काही राहत नाही.’ याचा विचार शांतपणे केला पाहिजे. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात आम्हाला थॉर्नडाईक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे नाव पाठ करावे लागते. त्याने १९२८ साली प्रौढांच्या शिकण्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. शिकण्याचे वय बालपणाबरोबर संपते ही तेव्हाची सार्वत्रिक समजूत होती. थॉर्नडाईकने प्रयोग करून दाखविले की, पंचविशीनंतर शिकण्याचा वेग कमी होतो खरा, पण तो इतक्या हळूहळू की पंचेचाळिशीतला मनुष्य शिकू शकत नाही असे म्हणण्यास काही आधार नाही. पुढे १९५६ पासून अमेरिकेतील सिएटल शहरी त्याच त्या माणसांची बुद्धिमापने दर सात वर्षांनी घेण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि तो कित्येक दशके चालला. त्यातून निघालेली गोष्ट अशी की बुद्धी ही एकच वस्तू नव्हे. झटपट आकडेमोड, नव्या गोष्टीची चटकन पकड, ऐकलेले नाव लगेच आठवणे, ही शक्ती आधी उतरणीला लागते. शब्दसंपत्ती, अनुभवाने आलेली जाण, दोन गोष्टींतला संबंध ओळखणे, ही शक्ती पुष्कळांच्या ठिकाणी साठीपर्यंत टिकून असते, कधी वाढतेही.

म्हणजे ‘डोक्यात राहत नाही’ ही तक्रार अर्धी खरी आहे. वय म्हणजे नुसता आकडा, असे हल्ली सभा-समारंभांतून ऐकू येते. मला ते पटत नाही. साठ वर्षांचा विद्यार्थी सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याप्रमाणे अभ्यास करू लागला तर तो हरणारच. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकंपट्टी करून सकाळी ओकून टाकण्याची जी कला आमच्या मुलांना अवगत असते, ती त्याला साधणार नाही. त्याची वाट निराळी. विसरण्याचा वेग मोजणारा पहिला शास्त्रज्ञ एबिंगहाऊस हा जर्मन होता, त्याने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखविले की एका बैठकीत अनेक वेळा घोकण्यापेक्षा तेच पाठांतर दिवसांच्या अंतराने थोडे थोडे केले तर अधिक टिकते. हा नियम लहानथोर सर्वांना लागू आहे, पण लहान मुले तो मोडूनही निभावतात. मोठ्या माणसाने तो पाळलाच पाहिजे. रोज पाऊण तास, तोही दोन तुकड्यांत. आज वाचलेले उद्या पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत सांगावयाचे, तीन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. नातवंडाला समोर बसवून सांगितले तर फारच उत्तम. नातवंडे चूक सोडत नाहीत.

दुसरी अडचण डोळ्यांची, आणि तिच्याकडे चमत्कारिक दुर्लक्ष होते. चाळिशीनंतर डोळ्याच्या भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे दिसेनासे होते, म्हणून तर त्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’च म्हणतो. त्याशिवाय वयाबरोबर भिंग पिवळसर होते आणि बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही, त्यामुळे त्याच दिव्याखाली वृद्धाच्या डोळ्यात तरुणाच्या मानाने फार कमी उजेड पोहोचतो. मागच्या खोलीतल्या मंद दिव्याखाली आजीबाई पुस्तक घेऊन बसतात, दहा मिनिटांत डोके दुखू लागते, आणि घरचे म्हणतात की वयामुळे लक्ष लागत नाही. बिचाऱ्या लक्षाचा त्यात काही दोष नसतो. दोष दिव्याचा, किंवा सात वर्षांपूर्वी काढलेल्या चष्म्याच्या नंबराचा, किंवा पिकत आलेल्या मोतीबिंदूचा असतो. अभ्यासाचा संकल्प करणाऱ्याने पुस्तके विकत घेण्याआधी डोळे तपासून घ्यावेत, आणि दिवा डाव्या खांद्यामागून पानावर पडेल असा ठेवावा. डावखुऱ्यांनी उजव्या.

तिसरी गोष्ट हाताची. ज्याने तीस-चाळीस वर्षांत सहीपलीकडे काही लिहिले नाही, त्याची बोटे पेन धरून अर्ध्या तासात आखडतात. हा स्नायूंचा प्रश्न आहे, बुद्धीचा नव्हे. त्याला औषध एकच, रोज एक पान शुद्धलेखन, आरंभी जाड रेघांच्या वहीत.

येथे माझ्या खालाजानची, म्हणजे मावशीची, हकीकत सांगतो. आमचे पणजोबा गायकवाड सरकारच्या पागेत नोकरीला होते. तेव्हापासून आमच्या घरात बोलणे हिंदुस्तानी वळणाचे आणि शाळा मराठी, असा प्रकार आहे. खालाजान पाचवीतून घरी बसल्या. लहानपणी मोहल्ल्यातल्या उस्तानींकडे त्या अरबी अक्षरे शिकल्या होत्या, आणि कुराणशरीफचे पठण त्यांचे आयुष्यभर चालू आहे. त्यामुळे त्यांना वाचण्याची सवय नव्हती असे म्हणता येत नाही. पण नजर उजवीकडून डावीकडे धावण्यास सरावलेली. एकसष्टाव्या वर्षी मराठी पुस्तक हाती घेतले, तेव्हा पहिले दोन महिने त्यांची नजर ओळीच्या शेवटावर जाऊन उभी राही आणि तेथून उलटी येऊ पाही. मी त्यांना ओळीखाली बोट ठेवून वाचावयास सांगितले. पहिलीतल्या मुलांना हे बोट सोडावयास आम्ही लावतो. येथे ते मुद्दाम धरावयास लावले. तिसऱ्या महिन्यात बोट आपोआप सुटले.

त्यांचा मुलगा, माझा मावसभाऊ, वाईट मनुष्य नव्हे. तो एवढेच म्हणाला, “अम्मी, आता कशाला?” या दोन शब्दांनी जितके अभ्यास मोडले असतील तितके दारिद्र्यानेही मोडले नसतील. त्यात विरोध नसतो, राग नसतो, उलट काळजीच असते. म्हणूनच त्याला उत्तर देता येत नाही. खालाजानने उत्तर दिले नाही. मात्र दळण टाकावयास त्या स्वतः जाऊ लागल्या. आमच्या भागातल्या पिठाच्या गिरणीवर संध्याकाळी अर्धा-पाऊण तास नंबर लागत नाही. एकदा मी तेथून जाताना पाहिले, तर बाकावर बसून गृहविज्ञानाचे पुस्तक चालले होते. मी विचारले, “खालाजान, येथे या आवाजात तुम्हाला कसे वाचवते?” त्या म्हणाल्या, “बेटा, इथे मला कोणी हाक मारत नाही.”

घरात बाईला दर दहा मिनिटांनी हाक येते. चहा, किल्ली, औषध, दूधवाला, फोन. हाक मारणाऱ्याला प्रत्येक हाक क्षुल्लक वाटते, आणि ती असतेही. पण अभ्यास हा सलग वेळेवर चालतो. पुरुष निवृत्त झाले की त्यांना निदान वर्तमानपत्र हातात घेऊन ‘मी वाचतो आहे’ असे म्हणण्याची सोय असते. घरातल्या स्त्रीची निवृत्ती कोणत्याही तारखेला पडत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, उतारवयात शिकू इच्छिणाऱ्या बाईला उपदेश, कौतुक आणि पुष्पगुच्छ यांपैकी कशाचीही गरज नाही. तिला रोज पाऊण तास हाक न मारली गेली म्हणजे पुरे. पुढे खालाजानच्या सुनेनेच दुपारची ती वेळ सांभाळून दिली. दोघींत त्याविषयी काही बोलणे झाले असेल, ते मला ठाऊक नाही.

ही हाकेची अडचण ओळखूनच ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावी एक शाळा निघाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी ती सुरू केली. ‘आजीबाईंची शाळा’ या नावाने ती पुष्कळांना माहीत आहे. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर लावून तेथे जाऊ लागल्या. छायाचित्रांतून त्या गुलाबी लुगड्यांचेच कौतुक फार झाले. मास्तर म्हणून मला महत्त्वाची वाटते ती शाळेची वेळ. सकाळची कामे आटोपलेली आणि संध्याकाळची सुरू व्हावयाची आहेत, अशी दुपारची वेळ तिच्यासाठी धरली. गणवेषाचाही उपयोग शोभेपुरता नाही. सगळ्याच एका वेषात निघाल्या की एकटीला लाज वाटत नाही, आणि त्या वेषातल्या बाईला वाटेत कोणी ‘कुठे निघालात?’ असे विचारीत नाही. याच्याही पूर्वी, १९५९ च्या सुमारास, सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत सबंध गावाने मिळून साक्षर होण्याची पद्धत पाडली होती. एकट्याला जे जड जाते ते सोबतीने हलके होते, हे त्या मोहिमेने ओळखले होते.

केरळातून आलेली दोन उदाहरणे या संदर्भात मला फार बोलकी वाटतात. आलाप्पुळा जिल्ह्यातील कार्त्यायनी अम्मा यांनी २०१८ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, राज्याच्या साक्षरता परीक्षेत १०० पैकी ९८ गुण मिळविले. त्यांना पुढे राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला, आणि २०२३ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या मनाने घेतले कसे, तर त्यांची साठीतली मुलगी आधी परीक्षा देऊन पास झाली होती. घरात एकाने पाटी धरली की दुसऱ्याचा संकोच जातो. दुसऱ्या कोल्लम जिल्ह्यातील भागीरथी अम्मा. आई गेल्यामुळे भावंडांसाठी नवव्या वर्षी त्यांची शाळा सुटली होती. २०१९ साली, १०५ व्या वर्षी, त्यांनी चौथीच्या समकक्ष परीक्षा दिली आणि २७५ पैकी २०५ गुण मिळविले. लिहिण्याचे श्रम होत म्हणून तीन उत्तरपत्रिका पुऱ्या करण्यास त्यांना तीन दिवस लागले, आणि परीक्षकांनी ते तीन दिवस त्यांना दिले. प्रश्न सोपे केले नाहीत, वेळ वाढविला. प्रौढांच्या परीक्षा घेणाऱ्या प्रत्येकाने हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मात्र अशी उदाहरणे वाचून काही मंडळी एकदम फार मोठा संकल्प सोडतात, आणि तो सहा महिन्यांत मोडतो. ओडिशातील एक निवृत्त बँक अधिकारी, जयकिशोर प्रधान, २०२० साली ६४ व्या वर्षी वैद्यकाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन बुर्ला येथील वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. त्यांच्या जिद्दीला नमस्कार केला पाहिजे. पण त्यांचे माप सर्वांना लावू नये. जुनी इच्छा पुरी करावयाची तर ती आधी पुन्हा एकदा नीट पाहावी लागते. विसाव्या वर्षी मला वकील व्हावयाचे होते, याचा अर्थ साठाव्या वर्षी मला कोर्टात उभे राहावयाचे आहे असा होत नाही. कदाचित मला कायदा समजून घ्यावयाचा असेल, कदाचित नुसती पदवी भिंतीवर हवी असेल. यांपैकी खरे कोणते, ते ज्याचे त्यालाच कळते. भिंतीवर पदवी हवी असणे यातही काही कमीपणा नाही.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त कारकून आहेत, त्यांना सगळे नाना म्हणतात. मॅट्रिक झाल्यावर कॉलेजात जाऊन इतिहास शिकावयाचा, हे त्यांच्या मनात होते, ते राहिले. निवृत्तीनंतर सर्वांनी सुचविले की आता बी.ए. करा. नानांनी महिनाभर विचार करून सांगितले, “मला बी.ए. नको. माझ्या पणजोबांच्या पेटीत अकरा मोडी कागद आहेत, ते मला वाचायचे आहेत.” ही मला फार शहाणपणाची निवड वाटली. मोडी लिपी शिकणे वरून वाटते तितके अवघड नाही. आधी सबंध ओळभर शिरोरेघ ओढावयाची आणि मग हात शक्यतो न उचलता तिला अक्षरे लोंबवीत जावयाचे, ही तिची रीत. ऱ्हस्व-दीर्घाचा जाच नाही. इकार एकच, उकार एकच. जाच आहे तो लेखकाच्या वळणाचा आणि जोडून आलेल्या शब्दांचा. नानांनी बाळबोधीच्या शेजारी मोडी मांडून रोज दहा अक्षरे गिरविली, आणि आठ महिन्यांत कागद हळूहळू बोलू लागले.

सर्वांत जुन्या कागदाच्या तारखेशी मात्र ते अडले आणि माझ्याकडे आले. तेथे लिहिले होते, ‘सलास अशर मयातैन व अलफ’. मराठेशाहीच्या कागदांत सुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत लिहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मी अरबी अंक लहानपणीच शिकलेलो. त्यामुळे हे काम माझ्या हातचे होते. सलास म्हणजे तीन, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार, मिळून १२१३. सुहूर सनात ५९९-६०० मिळविले की इसवी सन येतो, म्हणजे कागद १८१२-१३ चा. नानांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसले ते एखाद्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर वर्षातून एकदा जरी दिसले तरी आम्ही मास्तरलोक पगार वसूल झाला असे समजतो. पुढे अकरापैकी नऊ कागद कर्जफेडीच्या पावत्या निघाल्या आणि दोन विहिरीच्या पाळीवरून झालेल्या भाऊबंदकीचे. नानांनी ते सर्व बाळबोधीत उतरवून वही नातीकडे दिली. आता ते शेजाऱ्यांचे कागद वाचून देतात.

मोठे काम उतारवयात होतच नाही, असा मात्र याचा अर्थ कोणी घेऊ नये. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली प्रसिद्ध केला तेव्हा ते पन्नाशीत होते, आणि पाचवा खंड १९६२ मध्ये पुरा झाला तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. वकिली सांभाळून केलेल्या या कामाचा गौरव १९६३ साली भारतरत्न देऊन झाला. पण त्यांचा पाया तरुणपणीच भरलेला होता. पायाच भरावयाचा असेल तर पायरी पायरीने जावे लागते.

आता प्रत्यक्ष वाट. जिला आपण जुन्या सवयीने मॅट्रिक म्हणतो ती दहावीची परीक्षा पुरी करावयाची, तर केंद्र सरकारची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था ही मोठ्या माणसांना सर्वांत सोयीची, असा माझा अनुभव आहे. १९८९ साली ती स्वतंत्र संस्था म्हणून निघाली. दहावीला किमान वय चौदा पूर्ण, कमाल वयाची मर्यादा नाही. मराठी माध्यमातून दहावी करता येते, ही गोष्ट बडोद्यातल्या आपल्या मंडळींनी मुद्दाम लक्षात ठेवावी. पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात, त्यांत निदान एक भाषा हवी. एकदा नाव नोंदले की ते पाच वर्षे चालते, त्या अवधीत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या सुमारास होतात. मुख्य सोय अशी की पाचही विषय एकदम द्यावे लागत नाहीत. या खेपेस एक, पुढच्या खेपेस दोन, असे करीत जाता येते, आणि एकदा मिळालेले गुण जमा राहतात. ज्यांची शाळा त्याहून आधी सुटली त्यांच्यासाठी याच संस्थेत तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे टप्पे आहेत. आणि ज्यांना अक्षरओळखच नाही, त्यांच्यासाठी २०२२ पासून ‘उल्लास’ हा पंधरा वर्षांवरील सर्वांकरिता केंद्राचा साक्षरता कार्यक्रम आहे. तो स्वयंसेवकांवर चालतो.

विषय निवडताना एक सांगतो. मुक्त विद्यालयात गणित घेणे सक्तीचे नाही. मी स्वतः गणिताचा शिक्षक असूनही म्हणतो की ज्यांना गणिताची धास्ती आहे त्यांनी ते पहिल्या खेपेस घेऊ नये. भाषा, गृहविज्ञान, सामाजिक शास्त्र, चित्रकला, भारतीय संस्कृती आणि वारसा असे विषय आहेत; ज्या विषयाचे निम्मे ज्ञान आयुष्याने आधीच दिले आहे तो आधी घ्यावा. खालाजानने गृहविज्ञानापासून आरंभ केला. आहाराचे प्रकरण वाचताना त्या पुस्तकाशी वाद घालीत, आणि काही ठिकाणी पुस्तकापेक्षा त्याच बरोबर असत; पण परीक्षेत पुस्तकाचेच लिहावयाचे, हे पटवून देण्यास मला दोन रविवार लागले. तीन वर्षांत त्यांचे पाच विषय झाले.

बारावी झालेल्यांना पदवीसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून आहे, आणि तेथेही वयाची वरची मर्यादा नाही. बी.ए. कमीत कमी तीन वर्षांत आणि जास्तीत जास्त सहा वर्षांत करता येते. वृद्धांनी सहा वर्षांचाच हिशेब धरावा. राजकुमार वैश्य या पाटण्याच्या गृहस्थांनी नालंदा मुक्त विद्यापीठातून अर्थशास्त्राची एम.ए. पदवी २०१७ साली घेतली, तेव्हा ते शंभरीला टेकले होते. नातवंडांच्या वयाच्या परीक्षार्थींबरोबर तीन-तीन तास बसून त्यांनी पेपर लिहिले आणि दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाले.

पेपरच्या त्या तीन तासांची तयारी घरीच करावी लागते. आधी अर्धा तास सलग लिहावयाचे, मग तास, मग दोन तास, असे दोन महिने. मधुमेह असणाऱ्यांनी परीक्षेच्या दिवशीचे खाणे आणि औषध यांची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. केंद्र कोठे आहे ते आदल्या दिवशी जाऊन पाहून यावे, जिना किती आहे तेही पाहावे. लहान बाकावर गुडघे दुखतात, तेव्हा पर्यवेक्षकाकडे खुर्ची मागण्यास संकोच करू नये. बहुतेक ठिकाणी ती मिळते.

शेवटी ट्रस्टच्या चालकांपुढे दोन गोष्टी ठेवतो. गेली काही वर्षे शिष्यवृत्ती समितीच्या मुलाखतींस मला बोलावणे येते, म्हणून हा अधिकार घेतो. आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर ‘वय पंचवीसपेक्षा अधिक नसावे’ अशी अट आहे. ती ज्या हेतूने घातली तो हेतू योग्यच होता, आणि तरुणांच्या रकमेला हात लावावा असे मी म्हणत नाही. पण मुक्त विद्यालयाचे शुल्क, एक जोड चष्मा आणि एक टेबलावरचा दिवा, एवढ्याचा खर्च एका महाविद्यालयीन शिष्यवृत्तीच्या मानाने फार थोडा येतो. त्यासाठी निराळे खाते काढून त्याच्या अर्जावर वयाचा रकाना फक्त माहितीसाठी ठेवता येईल.

दुसरी गोष्ट जागेची. ट्रस्टच्या इमारतीतील मागची खोली सकाळी बालवर्गाला आणि संध्याकाळी भजनी मंडळाला लागते; दुपारी दोन ते चार ती बंद असते. तेथे पंखा आहे, खिडकी उत्तरेला आहे, आणि बालवर्गाची बाके बाजूला सारली तर दहा-बारा खुर्च्या सहज मावतात. मंगळवार आणि शुक्रवार माझी शाळा सकाळची असते. खोलीची किल्ली कोणाकडे असते, ते कार्यालयाने मला कळवावे.